शून्य गुणांचा नारळ

चूक माझी. मला खरं माहीत होतं आणि मी खोटं बोललो.

अर्थशास्त्राच्या विभागांची क्रमवारी लावायला विद्यापीठाची समिती आमच्या बोईसरच्या कॉलेजात आली होती. निकष एकच, प्राध्यापकांना मिळालेले सन्मान. शेवटचा येईल तो विभाग बंद. कारखान्यांकडून उग्र वास येत होता, म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. मी विभागप्रमुख. हेमांगी मॅडम कंत्राटी. विभाग गेला की पहिली नोकरी त्यांची जाणार.

मॅडमचे वडील साताऱ्याहून इथे कारखान्यात आले. मॅडमनी मात्र दातिवऱ्यात, माझ्या कोळ्यांच्या गावात, घरोघर बसून कारखान्यांच्या पाण्याने झालेलं मासळीचं नुकसान मांडलं. त्यावर लोकांना भरपाई मिळाली. नारळी पुनवेला गावाने समुद्रात सोडायचा पहिला नारळ त्यांच्या हाती दिला. तो मान एरवी होडी हाकणाऱ्या सगळ्यात जुन्या तांडेलाचा.

अध्यक्षांनी फाइलमधला मॅडमचा नारळ सोडतानाचा फोटो उचलून मला विचारलं, "तुम्ही तिथलेच ना? हा सन्मान की प्रसाद?"

"प्रसादच, सर."

"तरीच. फाइलला बोंबलाचा वास येतोय."

सगळे हसले. मीही हसलो. शाळेत याच वासावरून मला मागच्या बाकावर बसवलं होतं. तेव्हा मी निदान रडलो होतो.

मॅडम दाराजवळच बसल्या होत्या. रविवारी दातिवऱ्याला जाऊन त्यांनी तो फोटो गावाला परत देऊन टाकला. मग माझ्या काकाने मला जेट्टीवर गाठलं.

"का रं प्रोफेसर, आमचा नारल सडका निंगाला काय?"



क्रमवारी ठरवायला समिती पुन्हा बसली. खिडक्या बंदच. मॅडमच्या नावापुढे शून्य, आमचा विभाग शेवटचा. कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी उभा राहिलो.

"बसा. सही करा, मग बोला," अध्यक्ष म्हणाले. "तुमचंही प्रमुखपद आमच्याच हातात आहे."

"असू द्या. या कागदावर माझी सही होणार नाही. आज नाही, पुढेही नाही."

मग मी दाराजवळ बसलेल्या मॅडमकडे वळलो. इतकी वर्षं कॉलेजात दाबून ठेवलेली घरची बोली आपसूक तोंडात आली.

"मॅडम, मी खोटा बोललो. यांच्यासमोर बोललो, मंग माफी पन यांच्यासमोरच मागतो. तो मानच हाय. माजा बाप तांडेल, जन्मभर त्या नारलाची वाट बघत मेला."