वर्षाच्या आत

डोळा लागायच्या आतच आईचा आवाज येतो, त्यामुळं मी जागी आहे की झोपलेय हे मला कळत नाही. दुपार आहे. विट्याचे पाहुणे मला बघायला यायचेत. शकूआत्यानं साडी नेसवून मला आतल्या खोलीत बसवलंय आणि दार ओढून घेतलंय. "विचारलं तेवढंच बोलायचं," म्हणाली.

पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होतंय. घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडं रीत. म्हणून आत्याची ही घाई. मला अजून सतरावं चालू आहे, पण त्याचं कुणाला काय पडलंय.

"सर की जरा," आई म्हणते आणि शेजारी टेकते. अंगाला गंधकाच्या धुरीचा वास. ती बेदाण्याच्या शेडवर कामाला होती.

"काच का फोडलीस गं?"

भिंत आता नाही. आम्ही शेडमध्ये उभ्या आहोत आणि जाळ्यांवर वाळत घातलेल्या द्राक्षांच्या जागी माझ्या वर्गातल्या मुली निजल्यात, दप्तरासकट.

"बाई भर वर्गात म्हणाल्या, आई नसलेल्या पोरींना वळण नसतं. मी पहाटे उठून पाणी भरते, भाकऱ्या थापते, बाबांचा डबा करते, हर्षदचे कपडे धुते. वर हे ऐकून घ्यायचं? त्यांच्या गाडीजवळ गेले आणि दगड कधी उचलला, कळलंच नाही."

"कळलं न्हाई?"

"कळलं. नेम धरून मारला."

आईला हसू येतं. मग विचारते, "आन् हर्षद?"

शेडच्या दारातून आम्ही पोलीस चौकीत येतो. बाकावर माझा मोठा भाऊ बसलाय. त्यानं मारामारीत एका पोराचं डोकं फोडलंय आणि हवालदार बशीत चहा ओतून त्याला देतायत. त्याच्या पाठीवरून हात फिरवतायत.

"बघ," मी म्हणते. "त्यानं डोकं फोडलं तर पोरगं आईविना बिथरलंय. मी काच फोडली तर चौकीत नाव लिहिलं, आणि पोरगी हाताबाहेर गेली, उजवून टाका."

"का? त्याची एकट्याचीच आई मेली व्हय?"

मला रडू फुटतं. हर्षदचा राग नाही मला. तो उशीत तोंड खुपसून रडतो, ते मला ऐकू येतं. पण मला रडायलासुद्धा सवड नाही, या गोष्टीचा मला भयंकर राग येतो. हे सगळं मी आईला सांगते. ती मला चौकीच्या पायरीवर पुढ्यात बसवून माझे केस विंचरायला लागते.

"पाव्हण्यांस्नी काचेचं ठावं हाय का?"

"छे. आत्यानं शपथ घातलीय. कळलं तर उठून जातील म्हणते."

आईचे हात थांबतात. "मग?"

मी मान वळवायला जाते, ती डोकं पुन्हा सरळ करते.

"आन् वरीस उलटलं तर?"

"तीन वर्षं थांबावं लागेल."

"मग थांब की. शीक तवर. माझ्या मरणातनं तुला एवढं तरी मिळू दे."

"आई, दुखतंय."

"दुखू दे."

"अगं बया, हे काय करून ठेवलंस?" शकूआत्या दारात उभी आहे. बाहेर कपबश्या वाजतायत. मी डोक्याला हात लावते. आत्यानं घातलेला अंबाडा नाही. दोन वेण्या आहेत, शाळेत घालतात तशा वर दुमडून बांधलेल्या, इतक्या घट्ट की कपाळ ओढलं जातंय.

आत्या सोडायला धावते. मी तिला चुकवून बाहेर जाते.

बाबा खाली बघतायत. मुलाच्या आईच्या हातात पोह्यांची बशी. "नाव काय बाळ तुझं?"

"तेजल. अकरावीला आहे. शाळेत बाईंच्या गाडीची काच मी दगडानं फोडली. चौकीत नाव आहे, विचारून या."

त्या बशी खाली ठेवतात. आत्या पाठीमागून माझा दंड धरते.

"आणि मी तीन वर्षं थांबणार आहे," मी म्हणते. "माझीपण आई गेलीय."