घाटात गरम, माळावर गार

"मिस्त्री, तुमच्या दारात आली की ही गाडी शहाण्यासारखी वागती," सुमनताई म्हणाल्या.

मी डॅशबोर्डच्या जाळीपुढं हात धरून बसलो होतो. हीटर छान गरम हवा फेकत होता. ही दुसरी खेप. दोन्ही वेळा तक्रार एकच, वाटेत हीटर गार पडतो, आणि दोन्ही वेळा गॅरेजात सगळं ठीक.

बीडमध्ये हीटरची तक्रार येणं हेच नवल. आमच्याकडं लोक येतात ते एसी गार करत नाही म्हणून. गाडीला हीटर आहे हे कित्येकांना माहीतही नसतं. पण सुमनताईंचा धंदा वेगळा. त्या नांदूरघाटच्या. बीडहून कोंबडीची नुकती निघालेली पिल्लं न्यायची आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना विकायची. मागची सीटं काढून तिथं खोकी रचलेली असायची, गाडी त्या स्वतः चालवायच्या. थंडीत पिल्लांना ऊब लागते. गारठली की ती एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. आदल्या खेपेला त्यांचं एक अख्खं खोकं असं गेलं होतं.

"पैशाचं सोडा," त्या म्हणाल्या, "झाकण उघडलं अन् तसंच परत लावलं मी."

गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवायला जे पाणी फिरतं, त्याला आम्ही कूलंट म्हणतो, ते तापतं. तेच डॅशबोर्डच्या मागच्या छोट्या रेडिएटरमधून जातं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. पहिल्या खेपेला मला कूलंट थोडं कमी दिसलं होतं. मी ते भरलं, पाइपातली हवा काढली आणि छातीठोकपणे सांगितलं, "झालं काम."

झालं नव्हतं.

"ताई, ते बटण पुरतं लालकडं फिरवता ना?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पान्हा उचलून उगाच पुसायला लागलो.

"घाट चढताना भट्टी असती. वर माळाला लागलं की गार. गॅरेजात बसून तुमाला ते कसं दिसंल? उद्या सकाळी खोकी न्यायचीत. चला संगं."

गेलो. सकाळी लई गारठा होता. मी मफलर गुंडाळून शेजारी बसलो. मागं पिल्लांची चिवचिव चालू. मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडीत एवढं गरम झालं की मी मफलर काढला. मनात म्हटलं, बाईंना भास होतोय.

घाट संपला. नेकनूरच्या बाजूला रस्ता मोकळा झाला, गाडीनं वेग धरला, समोरून बोचरं वारं. आणि जाळीतून येणारी हवा कोमट झाली. मग गार. मी मीटरकडं बघितलं. इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा घाटात मधोमध होता, तो आता तळाला चालला होता.

"ऐका," ताई म्हणाल्या.

मागची चिवचिव बदलली होती. मघाशी गप्पा मारल्यासारखी होती, आता किंचाळल्यासारखी. ताईंचा पाय ब्रेकवर गेला.

"गाडी बंद करू नका," मी म्हणालो. "कडेला घ्या, इंजिन चालू राहू द्या. एखादं रिकामं खोकं हाय का?"

"हाय. कावून?"

"फाडायचंय."

बॉनेट उघडून खोक्याचा पुठ्ठा मी गाडीच्या तोंडाच्या जाळीच्या आत, इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या मोठ्या रेडिएटरच्या पुढं सरकवला. पंखा मोकळा ठेवला, एका बाजूनं थोडी हवाही राहू दिली. "आता चालवा. काटा मध्याच्या वर गेला की लगेच थांबायचं."

थोडं अंतर गेलो. काटा हळूहळू वर आला आणि मधोमध थांबला. जाळीतून ऊब यायला लागली. ताईंनी एक हात जाळीपुढं धरला आणि हसल्या. मागची किंचाळी शांत झाली.

"पुठ्ठ्यानं हीटर चालतो व्हय?"

"आजच्यापुरता."

आजार मला कळला होता. इंजिन आणि तो मोठा रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक झडपेसारखा भाग असतो. इंजिन तापेपर्यंत तो पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही. गॅरेजात परत येऊन खोललं, तर तिथं तो नव्हताच. गाडी ताईंनी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाच्या कुणा मिस्त्रीनं उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून टाकला असणार. आमच्याकडं हे सर्रास चालतं. उन्हाळा निघतो आणि मालक खूश. पण थंडीत पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं, वाऱ्यानं इंजिन तापतच नाही. उभी गाडी किंवा चढ असेल तेव्हाच तापतं. वर डिझेलही जास्त जातं.

नवा थर्मोस्टॅट बसवला. रेडिएटर आणि त्याचा पंखाही तपासला, म्हणजे उन्हाळ्यात पुन्हा कुणाला थर्मोस्टॅट काढायची बुद्धी व्हायला नको. पुढच्या खेपेला ताईंचा माळावरूनच फोन आला. त्यांनी फोन सरळ मागच्या खोक्यांकडं धरला. चिवचिव ऐकू आली, गप्पांची.

तेव्हापासून मी एक पाळतो. गिऱ्हाईक म्हणालं, "तिकडं गेलं की बिघडते," तर आधी तिकडं जाऊन येतो. बटणाबद्दल विचारायचं मात्र कायमचं बंद केलंय.