प्रमिलाचा पिवळा पडदा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. या ग्रुपवरचे अनुभव नियमित वाचतो, पण स्वतःचा लिहायला बसलो की हात थांबायचा... भीतीमुळे नाही. यात अमानवीय जेवढं आहे, त्यापेक्षा माझं वागणं जास्त आहे, म्हणून.

भूतखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. वीज खात्यात लाइनमन होतो. वादळात तार तुटली की शिवारात एकटा जायचो, स्मशानाजवळच्या खांबावरही चढलोय. सोबतचे मारुतीचं नाव घ्यायचे, मी टेस्टर घ्यायचो.

रिटायर झाल्यावर मानोऱ्यात प्लॉट घेऊन स्लॅबचं घर बांधलं. हॉल रस्त्याच्या बाजूला, त्याला पूर्वेकडे मोठी खिडकी. सोफा मरून रंगाचा. पडदे घ्यायला मी आणि माझी बायको प्रमिला वाशीमला गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, मोठ्या हॉलले भारी कापडच शोभते. सोफ्याले मॅचिंग घ्या, पार जमिनीपर्यंत सोडा. पाहुणा पाह्यतच राहीन!" मला पटलं. प्रमिलाने कापड चिमटीत धरलं आणि म्हणाली, "एवढं जाड? घरात राह्यचं हाये का सिनेमा पाह्यचा हाये जी?" दुकानदार हसला. मी हसलो नाही.

तिच्या मनात दुसराच पडदा होता. तिच्या एका जुन्या, फिक्कट पिवळ्या सुती साडीचा तिने तो मशीनवर शिवूनही ठेवला होता. घरी आल्यावर मला दाखवला. "पाहा ना, उजेड येते, हवा खेळते. आन् रस्त्यानं कोण चाल्लं तेबी दिसते."

मी म्हणालो, "जुन्या लुगड्याचे पडदे? लोक म्हणतीन, याले पेन्शन भेटत नाही काय!"

"बरं. राहू द्या," एवढं म्हणून तिने तो घडी करून कपाटात ठेवला. मरून पडदे मी स्वतः लावले. भिंतीत ड्रिल मारून ब्रॅकेट बसवले, पडद्याला वर स्टीलच्या रिंगा, त्या पाइपात ओवलेल्या, आणि पाइपाच्या दोन्ही टोकांना स्क्रूने आवळलेल्या टोप्या. हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण पुढे त्याचाच प्रश्न आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात प्रमिलाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं जवळजवळ गेलं. तिची खाट हॉलमध्येच, खिडकीजवळ टाकली. मुलगा पुण्याला, मुलगी वंदना कारंज्याला दिलेली. प्रमिलाचं सगळं मीच करायचो — आंघोळ, भरवणं, कूस बदलणं. गावात आजही लोक म्हणतात, बायकोची सेवा करावी तर यांनी. मी ऐकून घेत आलो. म्हणून आता जे खरं आहे ते लिहितो.

तिला मोजकेच शब्द यायचे. त्यातले दोन ती रोज म्हणायची — "पडदा... लावा."

आपल्याकडे पडदा लाव म्हणजे काय? दार लाव म्हणतो तसंच — बंद कर. मला वाटलं, उजेड डोळ्यांवर येत असेल, किंवा रस्त्यावरच्या लोकांनी अशा अवस्थेत पाहू नये असं वाटत असेल. मी पडदा ओढून घ्यायचो. ती मान हलवायची, पुन्हा म्हणायची, "पडदा लावा." मी आणखी ओढायचो. मधे फट राहते म्हणून दोन्ही पडदे कपड्याच्या चिमट्यांनी जोडले. दिवसा ट्यूबलाइट लावून तिला भरवायचो. ती डाव्या हाताने कपाटाकडे दाखवायची... मला वाटायचं, दुसरी चादर मागते. चादर आणून पांघरायचो. भर उन्हाळ्यात.

एक दिवस वरण तिच्या अंगावर सांडलं, मी आधीच वैतागलेलो, आणि तिने पुन्हा तेच सुरू केलं. मी ओरडलो, "लावला ना वं! आता काय शिवून टाकू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तिने कधीच काही मागितलं नाही. पाणीसुद्धा नाही. दिवाळीच्या आधी गेली.

तेरवी झाली, पाहुणे गेले. घरात मी एकटा. एका दुपारी जेवून आत पडलो होतो. उठून हॉलमध्ये आलो तर लख्ख उजेड. मरून पडदे खिडकीवर नव्हते. प्रमिलाच्या रिकाम्या खाटेवर घडी करून ठेवले होते, चिमटे वर. दाराला आतून कडी.

मी आधी पाइप पाहिला. पाइप ब्रॅकेटवर जिथल्या तिथे, टोप्या स्क्रूने घट्ट. रिंगा सगळ्या पडद्यातच, एकही वाकलेली नाही, तुटलेली नाही. पाइप उतरवून टोपी काढल्याशिवाय तो पडदा निघूच शकत नाही. मी बराच वेळ स्टुलावर चढून उभा होतो. मग स्वतःलाच समजावलं — म्हातारा झालास, काढून विसरला असशील. पुन्हा लावले. काही दिवसांनी पुन्हा तसंच. तेव्हा मात्र मी पडदे लावले नाहीत, खाटेवर तसेच राहू दिले.

वंदनाला फोन केला, ती आली. खाटेवरची घडी पाहून दारातच थांबली. "बाबा, हे कोणं घडी केली?"

"मी नाही."

"काठ आत घालून अशी घडी आईच करे."

मी तिला झालेलं सांगितलं. म्हणालो, "तुही माय शेवटपर्यंत पडदा लावा, पडदा लावा म्हणे. मी तर लावतच होतो. आता हे काय होऊन राह्यलं?"

वंदनाने विचारलं, "कोणता पडदा, बाबा?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. तिने कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून तो पिवळा पडदा काढला. "आजारी पडायच्या आधी फोनवर सांगतलं होतं मले. म्हने, तुह्या बाबाले आवडत नाही, पण एक दिवस त्याईच्याच हातानं लावून घेईन."

ती हा पिवळा पडदा खिडकीवर लावा म्हणत होती. मी बंद करत होतो.

तो पडदा आम्ही दोघांनी लावला. हॉलभर पिवळसर उजेड पडला, रस्त्यावरून शाळेच्या पोरी जाताना दिसल्या. वंदना खाटेवर बसून रडली. तो पडदा आजवर एकदाही निघाला नाही. मरून पडदे पाइपातून कसे निघाले, हे मला आजही माहीत नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांनी मानसिक धक्का म्हटलं. असेल. पण घट्ट स्क्रू आणि शाबूत रिंगा यांचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

निघताना वंदना म्हणाली होती, "बाबा, आईले दोन शब्द बोला. ऐकीन ते." शिवून टाकू म्हणालो होतो, हे तिला तेव्हाही सांगितलं नाही. इथे वाचून तिला कळेल. ती गेल्यावर मी खिडकीसमोर उभा राहिलो. संसारात कधी चूक कबूल केली नव्हती, त्यामुळे सुरुवात कशी करतात तेच येईना. "ऊन लय हाये आज," एवढंच तोंडातून निघालं. त्यानंतरही कितीदा तिथे उभा राहिलो, आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बोलून आत गेलो. जे बोलायचं होतं ते एवढंच होतं —

प्रमिला, तू काय मांगून राह्यली होती ते मले समजलं नाही वं. मी तुह्यावर खेकसलो. माफ कर मले.