कवळीचा पत्ता

कवळीवालीला चिडायला एरवीही फारसं कारण लागत नसे, पण त्या आठवड्यात कारणांची रांगच लागली होती. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. इस्पितळात कुणीतरी त्यांची कवळी कागदी रुमालात गुंडाळून उशाशी ठेवली आणि दुसऱ्या कुणीतरी तो रुमाल कचऱ्यात टाकला. विचारायला गेलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. जन्मभर लोकांना दात करून देणारी ही बाई, आणि हिचा बाप बोळक्या तोंडानं भिंतीकडे बघत पडलेला.

नवी कवळी करायची तर माप हवं. मापाचा ट्रे आत जाईल एवढं त्यांचं तोंड आता उघडत नव्हतं. कवळी तिरकी करून सरकवता आली असती, ट्रे नाही. ते बोलायला जायचे त्याचं नुसतं फसफस व्हायचं. "काय म्हणालात, बाबा?" असं तिनं पुन्हा पुन्हा विचारलं की कंटाळून मान फिरवायचे. मग त्यांनी बोलायचंच सोडलं. पेज भरवून घेत, तेवढंच. तिला ते बघवत नव्हतं.

जुनी कवळी तिनंच संगणकावर बेतली होती. ती फाइल मिळाली की यंत्रातून हुबेहूब तशीच निघाली असती. आणि फाइल होती गोदामात. गोदाम म्हणजे तिच्या धाकट्या दिराचा पराक्रम. तिच्यासकट कवळ्या करणाऱ्या पाच लॅबवाल्यांना बसवून त्यानं समजावलं होतं की मोठा सर्व्हर नको, कुणी मालक नको, सगळ्यांच्या फायली सगळ्यांच्या संगणकांत राहतील. फाइल कुठे आहे हे विचारायचंच नाही, कोणती हवी ते विचारायचं. आत जे आहे त्यावरूनच तिचा पत्ता बनतो, अक्षरांचं आणि आकड्यांचं एक लांबलचक शेपूट. आत केसभर बदललं तरी पत्ता वेगळा. पत्ता टाका, ज्याच्याकडे फाइल असेल त्याचा संगणक ती देईल.

तिनं पत्ता टाकला. पडद्यावर चक्र फिरू लागलं. चहा निवून साय धरली तरी फिरतच होतं.

तिनं दिराला फोन लावला. "वहिनी, फाइल हरवलेली नाहीये," तो शांतपणे म्हणाला. "फक्त सध्या ती कुणाकडे नाहीये."

"भावजी, माणसं याला हरवणंच म्हणतात!"

"कुणी 'राखून ठेव' दाबलं नसेल. जागा कमी पडली की संगणक न राखलेलं झाडून टाकतो. मी सांगितलं होतं सगळ्यांना."

तिनं एकेका लॅबवाल्याला फोन करून फैलावर घेतलं. पहिला म्हणाला, "मला वाटलं, तुमच्याकडे असेलच." दुसरा तेच म्हणाला. तिसऱ्यानं तर "मला वाटलं" एवढं म्हटल्याबरोबर तिनं फोन आपटला. पत्ता सगळ्यांकडे, माल कुणाकडेच नाही! मग तिनं स्वतःचा संगणक तपासला. तिनंही दाबलं नव्हतं. चौघं आहेत की, आपण कशाला जागा अडवा, म्हणून. स्वतःच्या बापाची कवळी, आणि तीही दुसऱ्यांच्या भरवशावर! सगळ्यांवर काढून झालेला राग आता कुणावर काढायचा हे तिला कळेना.

राहता राहिला चौथा लॅबवाला, कुंभकर्ण. हे नाव तिनंच ठेवलेलं, कारण त्याचा संगणक सदा बंद. 'वायर काढूनच ठेवायची तर गटात कशाला राहता?' असं तिनं त्याला चारचौघांत सुनावलं होतं. तेव्हापासून त्यानं तिच्याशी अबोला धरला होता.

"पण बंद संगणक झाडत नाही, वहिनी," दीर पुन्हा फोनवर म्हणाला. "फाइल आली तेव्हा चालू असला, तर त्याच्याकडे असू शकते."

ती नाक मुठीत धरून गेली. कुंभकर्ण एक नकली दात कानशीनं घासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "चालू केला तर चालेल ना? नाही, बंद असला की बोलणी बसतात म्हणून विचारलं."

एरवी तिनं त्याला सोडलं नसतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "बाबांचे दात आहेत त्यात. ते बोलेनासे झालेत."

त्यानं हातातलं खाली ठेवलं, टेबलाखालची खोकी ओढून बाजूला केली आणि वायर लावली. संगणक घरघरत जागा झाला. फाइल होती! तिनं आधी 'राखून ठेव' दाबलं, मग पत्ता ताडून पाहिला. तंतोतंत तोच.

कवळी यंत्रातून काढून, घासूनपुसून ती इस्पितळात घेऊन गेली. बाबांनी ती बसवू दिली. जबडा इकडेतिकडे हलवून पाहिला. जीभ जरा अडखळली, पण शब्द स्पष्ट आले.

"ही माझी नाही."

"बाबा, तीच आहे! एका केसाचा फरक नाही, मी ताडून पाहिलंय!"

"मला शिकवू नकोस. जुनी बरी होती. ही टोचते."

इतक्या खटपटीनंतर हे! तिला असा संताप आला की डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. तिनं खुर्ची ओढून त्यांच्या तोंडाजवळ घेतली.

"कुठे टोचते? नीट सांगा," ती म्हणाली, आणि बाबा सांगत बसले.