छातीवरचे कवडसे

काल सुनेने खोकल्यासाठी अडुळसा उकळला आणि त्या कडू वासासरशी मी वडीगोद्रीच्या आमच्या अंगणात जाऊन उभी राहिले. सत्तरच्या दशकातले कापूस वेचणीचे दिवस. मांडीच्या हाडाला कॅन्सर झाला म्हणून औरंगाबादला दादाचा पाय कापला, त्याला वर्ष झालं होतं. पायाबरोबर दुखणंही गेलं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मग त्याला खोकला लागला. घरात कापूस भरलेला; त्याचीच धूळ बाधली म्हणून मायनं त्याची बाज अंगणात काढली आणि चुलीवर अडुळसा चढवला.

आदल्या आठवड्यात काढलेला त्याच्या छातीचा एक्स-रे घेऊन त्या दुपारी मी जालन्याहून आले. पायातला रोग फुप्फुसात पोचलाय, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, फिल्मवरचे ठिपके दाखवत सांगितलं होतं. दादानं फिल्म हातात घेतली आणि उन्हात धरली. काळ्या फिल्मवरच्या पांढुरक्या ठिपक्यांतून ऊन गळालं आणि त्याच्या सदऱ्यावर बोराएवढे कवडसे पडले. तो ते बघत राहिला.

"काय म्हन्ले गं डाक्टर?" मायनं चुलीपासून विचारलं.

दादाच म्हणाला, "काई न्हाई माय, कापसाचीच धूळ हाय. तुझा काढा बराबर लागू पडून राह्यला." आणि त्यानं पेला एका दमात रिकामा केला.

त्याला काही कळलं नाही, सगळं मला एकटीलाच ठाऊक आहे, या ओझ्यानं मी पुढं त्याच्या बाजेजवळ बसायचंही टाळत गेले. किती उशिरा लक्षात आलं! डॉक्टर काय म्हणाले, हे दादानं मला कधीच विचारलं नव्हतं.