तारखेला येणारं व्याज

पाच तारीख जवळ आली की हल्ली मला अन्न गोड लागत नाही. दर महिन्याची नव्हे, दर तीन महिन्यांनी येणारी. मी चिखलीत एकटी राहते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता पेन्शनवर आहे. गणिताच्या बाईनं आकड्यांना घाबरावं यासारखी फजिती नाही, पण घाबरते हे खरं आहे.

पैसे दादाचे आहेत. माझा थोरला भाऊ वरवट बकालला शेती करतो. दोन वर्षांपूर्वी त्याचे तीन एकर रस्त्यात गेले आणि मोबदला आला. त्या पैशांचा आनंद घरात कुणालाच झाला नाही. वहिनी म्हणाली, वावर होतं तोवर दरसाल काहीतरी पिकत होतं, आता हे पैसे कोण पिकवणार? मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या खानदानात शेअर बाजाराचा नाद असलेली मी एकटीच. चार वर्षं थोडीफार कमाई झाली होती आणि ती चारचौघांत सांगायची मला खोड होती.

दादा मला बाई म्हणतो. त्यानं एकच अट घातली.

"बाई, मले त्यातलं काई समजत नाई. पण सगळ्या वावरात सोयाबीन पेरू नको. मधात तुरीचं तास राहू दे."

आमच्याकडे सोयाबीनच्या काही ओळींमागे एक तास, म्हणजे एक ओळ, तुरीची टाकतात. सोयाबीन लवकर हाती येतं, भाव मिळाला तर चांदीच, पण त्याचा भरवसा नाही. तुरीचं मूळ खोल जातं. सोयाबीननं हात दाखवला तरी दिवाळीनंतर ती वावरात उभी असते. जे मी पुस्तकं वाचून शिकले होते ते दादाला आमच्या बापाकडून ठाऊक होतं. शेअर म्हणजे सोयाबीन आणि बाँड म्हणजे तूर. बाँडमध्ये आपण कंपनीला किंवा सरकारला पैसे वापरायला देतो, ठरल्या तारखेला ठरलेलं व्याज घेतो आणि मुदत संपली की मुद्दल परत. निम्मे पैसे मी शेअरमध्ये घातले, निम्मे बाँडमध्ये. दादाचं डीमॅट खातं नव्हतं, म्हणून सगळं माझ्याच नावावर घेतलं.

आणि तिथेच शहाणपणा केला. सरकारी बाँड समोर होते, पण त्यांचं व्याज मला बेताचं वाटलं. ज्या फायनान्स कंपनीचे शेअर माझ्याकडे होते आणि चांगले वाढले होते, तिचेच बाँड जास्त व्याज देत होते. ओळखीची कंपनी. किराणा नाही का आपण वर्षानुवर्षं एकाच दुकानातून भरत? दादाच्या पैशांतून मी तिचेच शेअर घेतले आणि बाँडही तिचेच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी पोरांना इतक्यांदा ऐकवलंय की स्वतः ऐकायचंच राहून गेलं.

पहिली तीन व्याजं तारखेला आली. सकाळी मोबाइल वाजायचा, दुपारपर्यंत मी पैसे दादाच्या खात्यात पाठवायची. चौथं चार दिवस उशिरा आलं. बँकेला सुट्टी असेल, असं म्हणून मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग कंपनीच्या पतमानांकनात, म्हणजे कर्जफेडीच्या ऐपतीला मिळणाऱ्या श्रेणीत, 'ए'च्या पुढे असलेलं अधिकचं चिन्ह गेलं. जन्मभर फळ्यावर अधिक-उणे लिहिले आणि पुसले, पण एका अधिकापायी रात्री उठून पासबुक काढायची वेळ कधी आली नव्हती. त्याच आठवड्यात शेअर कोसळला. बाँड विकायला काढले तर घेणारा कुणी नाही. शेअर पडला तर बाँडनं सावरावं म्हणून तर ते घेतले होते. पण दोन्हींचा धनी एकच होता.

पाचवं व्याज आलंच नाही. कंपनीत फोन केला, तर एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की प्रक्रिया सुरू आहे. वहिनीच्या शुगरच्या गोळ्या त्याच पैशांतून येत. मी पेन्शनमधून तेवढीच रक्कम दादाला पाठवली. एकदाच, असं मनाशी म्हटलं. तीन महिन्यांनी, या डिसेंबरात, पुन्हा पाठवली. कामवाली बंद केली. दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आणलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दादा एसटीनं आला. शेतातला वानोळा म्हणून तुरीच्या ओल्या शेंगा आणल्या होत्या, पण ओंजळभरच. नाल्याकाठच्या तुकड्यात भादव्यात पाणी साचलं आणि सोयाबीन सडलं, असं त्यानं सांगितलं. आणि तूर, मी विचारलं.

"तुरीले साचलेलं पानी चालत नाई, बाई. दोन्ही एकाच खोलगटात होते. संगंच गेले."

तो हे सहज बोलत होता. मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले.

मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून चेक काढला. कोर्टानं मोबदला वाढवून दिला होता आणि पैसे खात्यात जमा झाले होते. खाली त्याची सही होती, वरच्या सगळ्या जागा कोऱ्या.

"पाऊस फसवते, भाव फसवते. तुह्या बाँडचा पैसा मात्र तारखेले येते. हेही त्यातच टाक. रक्कम तू लिही, तुह्यं अक्षर चांगलं हाय."

मी पेन उचललं. दादाच्याच या पैशांतून आपण त्याला आणखी कितीतरी पाच तारखांना व्याज पाठवू शकू, असं माझ्या मनात आलं. हा विचार माझाच होता आणि मला त्याची कंपनीपेक्षा जास्त भीती वाटली. मी पेन खाली ठेवलं.

"दादा, मांगचे दोन व्याज कंपनीचे नोते. माह्या पेन्शनीतले होते."

तो ओट्यावरच्या पावशेर दुधाच्या पातेल्याकडे बघत राहिला.

"मंग तू काय खाऊन राह्यली?"

मला रडू आवरलं नाही. त्यानं चेकची घडी करून खिशात ठेवली, बिनदुधाचा चहा मागून घेतला आणि वहिनीला सांगू नको म्हणाला. चारच्या गाडीला मी त्याला स्टँडवर सोडून आले.

बाँडची मुदत जूनमध्ये संपते. मुद्दलाचं त्यानं अजून विचारलेलं नाही.