थंडीतून बाहेर काढताना

बटाट्याच्या शीतगृहात त्याला सगळे ‘यानवाला’ म्हणायचे. हमालांनीच ठेवलेलं नाव. काम तसं साधं. थंड खोल्यांचं तापमान सांभाळायचं, पंख्यांवर लक्ष ठेवायचं, बियाण्याची पोती आत-बाहेर करवून घ्यायची. पण जरा सवड मिळाली की हा गडी थप्पीला टेकून परग्रहांवरच्या गोष्टी सुरू करायचा. रद्दीवाल्याकडून विज्ञानकथा उचलायच्या आणि त्यात बुडून जायचं, हे एकच व्यसन.

“तुझ्या चंद्रावर हमालीचा भाव काय रे?” मुकादम छेडायचा.

“पोतं सहापट हलकं, मजुरीही सहापट कमी. जाताय का?”

पण त्याची खरी श्रोती म्हणजे त्याची लेक. शाळा सुटली की ती शीतगृहाच्या पुढच्या खोलीत येऊन बसायची, त्याचा जुना स्वेटर गुडघ्यापर्यंत ओढून. तिची लाडकी गोष्ट लांबच्या प्रवासाची. यानातली माणसं बर्फाच्या पेट्यांत झोपतात, वर्षांमागून वर्षं जातात, आणि नव्या सूर्यापाशी पोचल्यावर पेट्या उघडतात. पोरीचे प्रश्न बारीक. त्यांची नखं वाढतात का? झोपेत कूस कशी बदलतात?

मग तिची आई गेली. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता सगळं आटोपलं. मामा लांबून यायचा होता, म्हणून दवाखान्यानं तिला थंड कपाटात ठेवलं. कप्पा आत सरकताना पोरीनं दारातून पाहिलं.

“आईला थंडीत का ठेवलं?”

खरं काय ते सांगायला त्याची जीभ उचलेना. तोंडातून निघून गेलं, “झोपलीय गं. आपल्या गोष्टीतल्या माणसांसारखी.”

त्या दिवसापासून पोरीनं गोष्ट मागितली नाही. त्यानं सुरू केली तर भिंतीकडे तोंड करायची. शीतगृहात मात्र रोज यायची आणि थंड खोलीच्या जाड दाराला कान लावून उभी राहायची.

“काय ऐकतेस?”

“आत कोणीतरी श्वास घेतंय.”

“पंखे आहेत गं ते.”

“माहितीये,” ती म्हणायची, आणि कान काही काढायची नाही.

हळूहळू त्यालाही ते तसंच ऐकू यायला लागलं. एकटा आत गेला की शेवटच्या रांगेकडे पाठ करणं त्याच्या जिवावर यायचं.

घर सांभाळायला त्याची थोरली बहीण येऊन राहिली होती. “तुझं ते मंगळबिंगळ मला कळत नाही,” ती म्हणाली. “पण पोर फ्रिज उघडून त्यात हात घालून उभी राहते, ते मला दिसतं. तिच्या डोक्यात भुसा तू भरलास, तूच काढ.”

“काढतो, अक्का,” तो म्हणाला. काढला मात्र नाही.

एका दुपारी बियाणं बाहेर काढायचं होतं. ट्रकवाला घायकुतीला आलेला. त्यानं हमालांना पोती थेट उन्हात न्यायला लावली. यानवाला धावला.

“अरे, मारतोस का माल? आधी पुढच्या खोलीत राहू दे! थंडीतून एकदम उन्हात नेलं की घाम सुटतो, कुजतं. जीव असतो त्यात!”

मागून पोरीचा आवाज आला. “आईला पुढच्या खोलीत किती वेळ ठेवलं होतं?”

तो वळला. ती शांतपणे विचारत होती, एखाद्या तपासनीसासारखी.

“थेट उन्हात नेलं ना? तिच्या कपाळावर घाम आला होता. तू बाहीनं पुसलास. मी बघितलं. तू घाई केलीस बाबा.”

खरंच थेंब जमले होते. खरंच त्यानं पुसले होते. आणि क्षणभर, या जाणत्या माणसाचं डोकं हिशेब करायला लागलं: किती वेळ ठेवायला हवं होतं? मग आपण काय मोजतोय हे त्याच्या ध्यानात आलं. तो मटकन पोत्यावर बसला.

“ती झोपली नव्हती गं,” तो म्हणाला. “आत ठेवायच्या आधीच गेली होती. तो घाम नव्हता, हवेतलं पाणी होतं. मी तुला खोटं सांगितलं.”

“म्हणजे हळूहळू काढली असती तरी?”

“तरी नाही.”

“खूप हळू?”

“कितीही हळू काढली असती तरी नाही, बाळा.”

ट्रकवाल्यानं चालू ठेवलेलं इंजिन बंद केलं. पोर रडली नाही. स्वेटरचा धागा ओढत उभी राहिली.

“यानात असं होतं का? सगळे उठले आणि एकीची आईच उठली नाही, असं?”

असं त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. “होतं,” तो म्हणाला.

“मग ती मुलगी काय करते?”

“हाका मारते.”

“आणि आई ओ देत नाही?”

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

तेव्हा पोरीनं हाक मारली. “आई!” पुन्हा, अजून मोठ्यानं, घसा फाटेपर्यंत. हमालांनी पाठीवरची पोती होती तिथंच टाकली. मुकादम पुढं झाला, तसा यानवाल्यानं हात वर करून त्याला थांबवलं. तिला गप्प केलं नाही, उचलूनही घेतलं नाही. पोत्यावर बसल्या बसल्या तो तिची एकेक हाक ऐकत राहिला.